हवालदारांची अडखळायची शाळा

हवालदारांशी माझी ओळख झाली, ती मी त्यांचं वाक्य पूर्ण करायला गेलो म्हणून.

मारेगावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. अमरावतीच्या कॉलेजात वक्तृत्वाच्या दोन ढाली मिळवून मी आलो होतो. त्यातली एक फिरती, ती परत द्यावी लागली. पण मनाने मी ती कधीच परत केली नव्हती. दोन माणसं बोलत असली की तिसरा आवाज माझा, हे ठरलेलं. स्टोव्हची पिन घ्यायला लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो, तर माझ्यापुढे एक उंच, वाळकुडा माणूस उभा. धोतर, त्याखाली फौजी बूट, बुटांना नाड्या नाहीत.

"बोला हवालदार," दुकानदार म्हणाला.

"मले एक क... क... क..."

मागून मी म्हणालो, "कंदील?"

दुकानदाराने निमूटपणे कंदील काढून फळीवर ठेवला.

"क... क..."

"कुलूप? कढई? कात्री?"

फळीवर कुलूप आलं, कढई आली, कात्री आली. माझा हुरूप वाढला. मी 'कानस' म्हणणार, एवढ्यात तो माणूस अख्खा वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. राग नाही, लाज नाही. बाजारात बैल पारखताना माणूस बघतो, तसं.

"झालं काय मास्तर तुमचं?" तो म्हणाला. "माझं राह्यलंच हाये अजून. क... क... कुदळ."

"कुदळ! द्या हो, कुदळ द्या!" मी विजयाने ओरडलो.

"...ळीचा दांडा," हवालदार म्हणाले.

नामदेव ढवस त्यांचं नाव. पण ते नाव फक्त सात-बाऱ्यावर होतं. गावाला ते हवालदार, आणि पाठीमागे 'तोतरा हवालदार'. पाठीमागे तरी कशाला, ते स्वतःच नव्या माणसाला तसं सांगत. "म... मी नामदेव. तोतरा हावो. टाइम लागते मले, बसा." एवढं सांगून झालं की समोरच्याला बसावंच लागे.

इंग्रजांच्या वेळच्या लढाईत ते फौजेत होते. लढाई संपता संपता त्यांना कोणत्याशा लष्करी दवाखान्यात सहा आठवडे ठेवलं होतं. तिथे एका डॉक्टराने पलटणीपलटणीतून तोतरे शिपाई गोळा केले होते. सकाळी कवायत करावी तसं दिवसभर त्यांच्याकडून बोलणं करून घ्यायचा. "जखम कोणाले नाही, ताप कोणाले नाही," हवालदार सांगत, "बारा जण बाजीवर बसून एकमेकायले नाव विचारून राह्यलो! नर्सबाईले वाटे, येड्यायचा वार्ड हाये."

तिथून ते जे शिकून आले, ते गावाला मुळीच पटणारं नव्हतं. गावात तोतरेपणावर इलाज ठरलेले. अक्कलकाढ्याचं मूळ चघळायचं, नाहीतर पोराला बेसावध गाठून दचकवायचं. हवालदारांचा इलाज असा की, आधी मुद्दाम अडखळायचं. चारचौघांत, डोळ्याला डोळा देऊन. शब्द अडला की जोर लावायचा नाही, पळायचं नाही, दुसरा सोपा शब्द शोधायचा नाही. तिथेच उभं राहायचं, श्वास ढिला सोडायचा आणि मग तोच शब्द हळूच बाहेर काढायचा.

"गाडी चिखलात फसली तर बैलायले मारत सुटता काय?" ते विचारत. "उतरता. चाक पाह्यता. सवड घेऊन काढता. अन् काढाची तीच गाडी लागते ना बाप्पा, का शेजाऱ्याची घेऊन घरी जाता?"

हा रियाज त्यांनी अठरा-वीस वर्षं सोडला नव्हता. रोज सकाळी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन ते वणीची गाडी केव्हा, म्हणून विचारत. वणीला जायचं नसे. गाडीची वेळ त्यांना कंडक्टरपेक्षा जास्त ठाऊक. तरी रोज नवा माणूस गाठायचा, 'व'ला अडायचं, सुटायचं आणि "मेहेरबानी" म्हणून शेताकडे जायचं. बैलांशी बोलताना मात्र ते एकदाही अडखळत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "बैल घाई नाही करत, मास्तर."

चीनची लढाई होऊन वर्ष उलटलं असेल. कापसाची वेचणी जोरात होती. एका सकाळी एस.टी.तून एक जवान उतरला, खांद्यावर हिरवी ट्रंक. दलसिंग राठोड, उमरखेडकडच्या तांड्यावरचा. साठ दिवसांची रजा घेऊन आला होता. त्यातले वीस घरी काढले आणि चाळीस घेऊन हवालदारांकडे आला. त्याच्या पलटणीतल्या एका वणीकडच्या जवानाने पत्ता दिला होता.

त्याची गोष्ट कळायला मला दोन दिवस लागले. दोन दिवस अशासाठी की, पहिल्या दिवशी निम्मी मीच सांगितली आणि ती चुकीची निघाली.

खरी गोष्ट अशी. दलसिंग नेमबाजीत पहिला, पळण्यात पहिला. वरच्यांनी त्याला नाईकाच्या परीक्षेला बसवलं. परीक्षेत तुकडीला कवायतीचे हुकूम द्यायचे होते. 'तेज चल' निघालं. तुकडी चालू लागली. मग 'थम' म्हणायचं होतं. ते आलं नाही. तुकडीने हुकूम पाळला, म्हणजे चालत राहिली. मैदान संपलं, नाली आली, आणि आठ जवान टापटीप पावलं टाकत नालीत उतरले. सगळी पलटण हसली. सुभेदारसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "पहाऱ्यावर अंधारात कोणी आलं, तर पहिला शब्द हाच लागतो. तो नाही आला तर तू आपल्याच माणसाला गोळी घालशील, नाहीतर दुश्मनाला आत घेशील." रजेवरून आल्यावर एक शेवटची परीक्षा. तीत नापास झाला, तर बंदूक काढून घेऊन भटारखान्यात पाठवणार.

"भ... भाकरी थापाले मी फौजेत नाही गेलतो, उस्ताद," दलसिंग म्हणाला. हे बोलताना तो मांडीवर मूठ आपटत होता. शब्द अडला की मांडीवर बुक्की, हा त्याचा जुना इलाज. मांडी काळीनिळी झाली होती.

हवालदारांनी त्याची मूठ धरली. "हे पयले बंद. मांडीनं काय केलं बिचारीनं?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याच्या सगळ्या चोरवाटा हुडकून काढल्या. 'प' अडतो म्हणून हा माणूस स्टेशनावर पोहे कधी मागत नसे. आवडत नसला तरी आलूबोंडा खाई, कारण 'आ' सरळ निघे. "किती वर्षं?" हवालदारांनी विचारलं. "स... सहा." "सहा वर्षं नावडता आलूबोंडा!" त्यांनी कपाळाला हात लावला. आणि त्याच दिवशी हॉटेलात नेऊन त्याला तीनदा पोहे मागायला लावले. तिसरी प्लेट मला खावी लागली.

तिथे माझा संबंध आला. हवालदार शाळेत येऊन मला म्हणाले, "मास्तर, तुमची मदत पायजे."

मला वाटलं, ढालींची कीर्ती पोचली. मी शब्दोच्चाराची दोन पुस्तकं काढून ठेवली.

"पुस्तक नोको. तुम्ही नुसतं ब... बसाचं. त्याच्या समोर. गावात तुमच्याइतका घाईचा माणूस दुसरा नाही. तुमच्यापुढे बोलता आलं, तर सुभेदार कायच चीज हाये?"

एवढा अपमान इतक्या प्रेमाने माझा कोणी केला नव्हता. मी कबूल झालो.

रोज शाळा सुटल्यावर मी हवालदारांच्या अंगणात बाजेवर बसे. समोर दलसिंग. तो बोले, मी ऐके. म्हणजे ऐकण्याचा प्रयत्न करी. पहिल्या दिवशी मी त्याचे एकवीस शब्द पुरे केले. हवालदारांनी मोजले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात त्यांनी तुरीची काडी दिली. "बोलावंसं वाटलं की हे च... चावा." संध्याकाळपर्यंत मी अर्धी पेंढी चावली.

तरी माझी खुमखुमी जिरली नव्हती. एकदा हवालदार बैल पाजायला गेले असताना मी दलसिंगला माझ्याबरोबर श्लोक म्हणायला लावले. काय आश्चर्य! चालीवर तो घडाघडा म्हणत होता. एक नाही, दोन नाही, पंधरा श्लोक, एकदाही न अडखळता. हवालदार परत येताच मी बाजेवर उभा राहिलो. "बघा! अर्ध्या तासात!"

हवालदारांनी बैल बांधले, पाय धुतले, दलसिंगपुढे उकिडवे बसले. "आता मास्तरले त्यायचं गाव विचार."

"तु... तु... तु..."

"गाण्यात कोणीच नाही अडखळत, मास्तर," ते मला म्हणाले. "मीबी नाही. पन पहाऱ्यावर हा काय श्लोक म्हणीन?"

मी बाजेवरून उतरलो.

मग बाजार सुरू झाला. रोज सकाळी दलसिंगच्या डाव्या खिशात तीस सरक्या. एका अनोळखी माणसाशी बोलला, मुद्दाम अडखळला, नजर न हलवता शब्द पुरा केला, की एक सरकी उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाल्याशिवाय जेवण नाही. जिनिंग कारखान्यातल्या हमालांना त्याने कापसाचा भाव विचारला, कासाराला बांगड्यांचा विचारला, कोलामांच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, आलेल्या म्हाताऱ्याला डिंकाचा विचारला. म्हातारा शांतपणे थांबला, उत्तर दिलं आणि वर चिमूटभर डिंक हातावर ठेवला. सगळे असे नव्हते. हॉटेलवाला मोठ्याने म्हणे, "आली रे तोतरी पलटण! बोल ना बे लवकर, चहा थंडा होऊन राह्यला!" सगळी बाकडी हसत.

पंचविसाव्या दिवशी दलसिंग अंगणात आला आणि ट्रंक भरू लागला. उजव्या खिशात अकराच सरक्या होत्या.

"काहून?" हवालदारांनी विचारलं.

तो ट्रंक भरतच राहिला.

"जा. कोणी धरलं नाही तुले. पन न सांगता नाही जाचं. काहून जातो ते पुरं सांग, अन् मंग जा."

दलसिंग उभा राहिला. "उस्ताद, मी ज... ज... जाऊन राह्यलो, का... कारण..." त्याचा चेहरा लाल झाला. मूठ मांडीकडे गेली, मध्येच थांबली. मी दोन काड्या एकदम चावल्या. "कारण लोक ह... ह..." हवालदार हलले नाहीत. त्यांच्या पत्नी चुलीपाशी भाकरी करत होत्या, त्यांनी हातातला पिठाचा गोळा तसाच धरून ठेवला. "ह... हसतेत. अन् मले ल... लाज नाही वाटत. मले र... राग येते. अन् राग आला का त... तांड्यावर मी मारतो. अन् हि... हिथं मारता येत नाही, तुमचं गाव हाये म्हणून."

एवढं मोठं वाक्य तो आयुष्यात कधी बोलला नसेल. ते पुरं होईपर्यंत उमरखेडची गाडी गेली होती.

"आता?" हवालदार म्हणाले. "उद्याच्या गाडीनं जातो, का जेवतो?"

तो जेवला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाऊन त्याने त्याच बाकड्यापुढे उभं राहून तीन मिनिटं लावून चहा मागितला. थंड झाल्यावर प्यायला.

शेवटच्या आठवड्यात हवालदारांनी परीक्षा ठरवली. शाळेचं मैदान मी मिळवून दिलं. तुकडीत जिनातले पाच हमाल, शाळेचा शिपाई, एक कास्तकार आणि मी. मैदानाच्या टोकाला कोणाच्या तरी तुरीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. हवालदारांनी आम्हाला बजावलं, "'थम' आल्याबिगर थांबाचं नाही. समोर वाघ आला तरी."

आता माझा पराक्रम. आदल्या बाजारात मी जडीबुटीवाल्याकडून अक्कलकाढ्याचं मूळ आणून ठेवलं होतं. इतके दिवस हवालदारांची पद्धत चालली, शेवटच्या दिवशी थोडी आपलीही चालावी, असा साधा विचार. सकाळी दलसिंगला बाजूला घेऊन ते त्याच्या हातात दिलं. "चघळ. जिभेला तरतरी येते." लहानपणी त्याची याडी, म्हणजे त्याची आई, त्याला हेच देई. त्याने विश्वासाने तोंडात टाकलं.

अक्कलकाढ्याने जीभ मुंग्या येऊन बधिर होते, तोंडातून लाळेची धार लागते, हे मला ठाऊक नव्हतं. मी तो कधी खाल्ला नव्हता. माझी जीभ आधीच हवी त्यापेक्षा जास्त चालत होती.

"तेज चल" निघालं कसंबसं. आम्ही निघालो. मी पहिल्या रांगेत, उजवीकडे. कुंपण चाळीस पावलांवर, तीस पावलांवर. मागे नुसती फुसफुस. वीस पावलांवर मी मान वळवून पाहिलं. दलसिंगच्या हनुवटीवरून लाळ गळत होती आणि जीभ दातांत अडकली होती.

आणि मी ओरडलो, "थम!"

माझा आवाज ढाल मिळवलेला. आठ जण खाडकन थांबले. एक हमाल म्हणाला, "वा मास्तर, काय आवाज हाये!" आणि मी, आज सांगायला लाज वाटते, किंचित मान लववली.

हवालदार चालत आले. दलसिंगचं तोंड पाहिलं, वास घेतला. "काय खाल्लं?" दलसिंगने माझ्याकडे बोट केलं.

ते मला काही लागट बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तो श... शब्द त्याचा होता, मास्तर. चाळीस दिवस त्यानं त्यासाठी घातले. तुम्ही घेऊन टाकला."

मग दलसिंगला चुळा भरायला लावल्या आणि तासभर सावलीत बसवलं. "पुन्हा," ते म्हणाले. "मास्तर तिथंच, पुढे. रुमाल हाये?"

"आहे."

"दातात धरा."

दातांत रुमाल धरून मी निघालो. चाळीस पावलं. तीस. वीस. मागून "थ" ऐकू आला आणि तिथेच राहिला. मांडीवर बुक्की नाही, पाय आपटणं नाही. नुसता एक थांबलेला श्वास. दहा. पाच. बाभळीचा काटा माझ्या पायजम्यातून मांडीत शिरला. रुमाल नसता तर मी पुन्हा तोच गुन्हा केला असता. हमाल माझ्या मागून रेटत होते. कुंपण वाकलं, माझा एक पाय तुरीत, एक काट्यात.

"थ... थ... थम!"

स्वच्छ नव्हता तो. पण पोटातून आला होता, आणि बाभळीवरचे कावळे उडाले. आम्ही आठही जण काट्यांत होतो तसे थिजलो.

मी रुमाल काढून वळलो. दलसिंग मैदानाच्या मध्ये उभा होता, आमच्याकडे सरळ बघत. आता हवालदार त्याची पाठ थोपटतील, असं मला वाटलं.

"त्यायले परत आण," हवालदार म्हणाले. "'पीछे मुड' राह्यलं हाये अजून."

'पीछे मुड'मध्ये 'प' होता. आम्ही काट्यांत बराच वेळ उभे होतो.

पुढच्या हिवाळ्यात दलसिंग रजेवर आला तो घरी जायच्या आधी मारेगावात उतरला. साध्या कपड्यांत होता. दंडावर नाईकाची फीत लागली की नाही, कळायला मार्ग नव्हता. हवालदारांच्या अंगणात आम्ही बसलो. वर्षभरात पत्र नव्हतं. विचारायची कोणाची छाती होईना.

"उस्ताद," त्याने सुरुवात केली, "परीक्षेत मी प... प..."

माझ्या तोंडात दोन शब्द एकदम तयार झाले. पास आणि परत. मी जवळच्या पेंढीतून काडी उपसली आणि दातांखाली धरली. हवालदारांची नजर त्याच्यावरून हलली नाही.

"प... पयल्या 'थम'ले अडलो," तो म्हणाला.

माझे दोन्ही शब्द वाया गेले.

तुकडी भिंतीपर्यंत गेली होती, तो सांगत होता. सुभेदारसाहेबांनी कागद दुमडायला घेतला होता. मग शब्द आला. त्यांनी विचारलं, पुन्हा देशील? त्याने पुन्हा चालवलं, पुन्हा अडला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, यानेच विचारलं, "साहब, औ... और एक बार?"

"मंग लिवलं काय त्यायनं?" चुलीपासून हवालदारांच्या पत्नीने विचारलं.

"लिवलं का, अ... अडतो, पन सोडत नाही. प... पास."

हवालदार उठून बैल बांधायला गेले. बैल बांधलेलेच होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी उमरखेडला बदली झाली. शाळेने निरोप समारंभ केला, त्यात आभाराचं भाषण मी तास-सव्वा तास केलं आणि हवालदारांकडे जायचं राहून गेलं. गाडीतूनच हाक मारू, म्हणून मी खिडकी धरली. त्यांचं शेत रस्त्यालगत होतं. गुरं आडवी आली म्हणून ड्रायव्हरने गाडी हळू केली.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हवालदार उभे होते, माझ्याकडे पाठ करून. समोर केस बारीक कापलेला नवा जवान. दलसिंगने आपल्या पलटणीतून पाठवलेला. त्याचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि शब्द येत नव्हता.

"हवालदार!" मी ओरडलो. "बदली झाली! येतो मी!"

त्यांनी ऐकलं. ते वळले नाहीत. फक्त डावा हात पाठीमागे आणून तळवा माझ्याकडे केला, थांबा म्हणून.

गाडी थांबणारी नव्हती. मी वळणापर्यंत मागे बघत राहिलो. हात तसाच होता, आणि त्या जवानाचं तोंड अजून उघडंच होतं.